चौथ्या पात्याचे ११.५ हर्ट्झ नेमकं काय सांगतात?

प्रश्न थोडक्यात असा आहे. कागल भागातल्या एका साखर कारखान्याचा को-जन (चिपाडापासून वाफ आणि वीज बनवणारा) प्रकल्प. गळीत हंगाम संपलाय, कूलिंग टॉवरचं ओव्हरहॉलिंग चालू आहे. गिअरबॉक्सच्या कामासाठी बांधलेल्या चेन ब्लॉकचा हूक निसटला आणि पंख्याच्या चार नंबरच्या पात्यावर आदळला, टोकापासून साधारण दोन फूट आत. पाती फायबरची, पोकळ, आत फोम भरलेला. प्रत्येकी लांबी २.१ मीटर, वजन १४ किलो, अशी सहा. पंखा मिनिटाला २०० फेरे. जेलकोटवर (सगळ्यात वरच्या गुळगुळीत रेझिनच्या थरावर) नखाएवढा ओरखडा आहे, बाकी काही दिसत नाही. पुरवठादार म्हणतो, पूर्ण सेट बदला. दुसऱ्या कुणी सांगितलं की ठोकून फ्रिक्वेन्सी बघा, आत थर सुटले असतील तर ती उतरते. म्हणून तुम्ही मोबाईल टेपने पात्याच्या टोकाला चिकटवला, हाताने धक्का दिला आणि ॲपवर आकडे घेतले. एक ते सहा क्रमाने: ११.८, ११.९, ११.६, ११.५, ११.९, ११.७. चार नंबर सगळ्यात कमी. तर चार नंबर आतून फुटलंय का?

हे आकडे हुकाच्या माराबद्दल काहीच सांगत नाहीत. मार जिथे बसला ती जागा तुम्ही मोजलेल्या कंपनाला जवळपास दिसतच नाही. पण ११.५ हा आकडा सोडून द्यायचाही नाही, त्याचं कारण दुसरीकडे, बहुधा पात्याच्या मुळाशी (जिथे ते पंख्याला जोडलेलं असतं) किंवा वजनात आहे. हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि ते वेगळेच सोडवावे लागतील.

वाजवून बघायची सवय आपल्याकडे जुनी. कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या किंवा गोकुळ शिरगावच्या फौंड्रीत एसजी आयर्नचा (गोल ग्रॅफाइटवाल्या ओतीव लोखंडाचा) भाग टांगून हातोडी मारली की तो खणखणीत वाजतो. तडा असेल किंवा ग्रॅफाइट नीट गोल झालेलं नसेल तर आवाज बसतो, सूर उतरतो. शितावरून भाताची परीक्षा तिथे चालते, कारण ओतीव लोखंड सगळीकडे आणि सगळ्या दिशांना जवळपास सारखं असतं. फायबरचं तसं नाही. ताठपणा काचेच्या धाग्यांच्या दिशेवर ठरतो, हाताने घातलेल्या थरांत रेझिन कमीजास्त होतंच, आणि एकाच साच्यातली दोन धडधाकट पाती एक-दोन टक्क्यांनी वेगळी वाजली तर नवल नाही. तुमच्या आकड्यांतच बघा: चार नंबर वगळून बाकी पाचांची सरासरी ११.७८ आणि त्यांच्यातलाच फरक ०.३ हर्ट्झ. चार नंबर सरासरीपेक्षा ०.२८ ने खाली, म्हणजे २.४ टक्के. संशय घ्यायला पुरेसं, निकाल द्यायला नाही.

आता मार बसलेली जागा का दिसत नाही ते बघू. टेबलाच्या कडेला फूटपट्टी दाबून धरा आणि टोक छेडा. टोक खूप हलतं, पण वाकते ती टेबलाच्या कडेजवळ. टोकाकडचा भाग नुसता वरखाली होतो, तो स्वतः जवळपास सरळच असतो. तुमचं पातंही पहिल्या, म्हणजे सगळ्यात कमी फ्रिक्वेन्सीच्या कंपनात असंच वाकतं. दुसरं, तिसरं कंपन त्याच्या वरचं. फ्रिक्वेन्सी उतरते ती ताठपणा घटल्यामुळे, आणि घटलेला ताठपणा मोजमापात येतो तो तिथे पातं किती वाकतं त्याच्या वर्गाच्या प्रमाणात. एकसारख्या जाडीची पट्टी धरली तर मुळापासून ७० टक्क्यांवर (तुमचा हूक तिथेच पडलाय) वाक मुळाच्या तुलनेत साधारण १४ टक्के असतो. त्याचा वर्ग केला की दोन टक्क्यांच्याही खाली. समजा तिथल्या दहा सेंटिमीटर पट्ट्यात ताठपणा तब्बल ३० टक्क्यांनी गेला, तरी त्या पट्ट्यात पहिल्या कंपनाच्या ताण-ऊर्जेचा वाटा फक्त ०.३६ टक्के. हिशेब असा: अर्धा गुणिले ०.३० गुणिले ०.००३६. फ्रिक्वेन्सीतली घट ०.०५ टक्के, म्हणजे ०.००६ हर्ट्झ. तुमचं पातं टोकाकडे निमुळतं आहे, त्यामुळे तिकडचा वाटा वाढेल, पाचपट धरा. तरी ०.०३ हर्ट्झ. तुम्हाला दिसलेले ०.२८ त्याच्या नऊपट आहेत. हुकाने ते केलेले नाहीत.

दुसऱ्या कंपनात मात्र चित्र पालटतं. त्यात पातं इंग्रजी एस अक्षरासारखं वाकतं आणि ७० टक्क्यांच्या जागी वाक मुळाच्या निम्म्याहून थोडा जास्त असतो. तोच मार दुसऱ्या कंपनाची फ्रिक्वेन्सी सुमारे ०.८ टक्क्यांनी उतरवेल, पहिल्याच्या जवळपास पंधरापट. म्हणून एका फ्रिक्वेन्सीवर कधी थांबू नये. ब्रिस्टल विद्यापीठात कॉली आणि ॲडम्स यांनी १९७९ मध्ये हेच मांडलं: दोन वेगळ्या कंपनांतल्या फरकांचं गुणोत्तर इजा कुठे आहे यावर ठरतं, ती किती मोठी यावर नाही. पहिलं जास्त उतरलं आणि दुसरं कमी, तर मुळाकडे बघा. उलट असेल तर मध्यावर किंवा टोकाकडे. यातही एक खाच आहे. दुसऱ्या कंपनात मुळापासून साधारण २२ टक्क्यांवर, तुमच्या पात्यात ४५ सेंटिमीटरच्या आसपास, वाक शून्य असतो. तिथली इजा दुसऱ्याला दिसणार नाही, त्यासाठी तिसरं लागेल.

मारासाठी मात्र या सगळ्याच्या आधी दहा मिनिटांचं काम करा. इथे जागा माहीत आहे. जागा माहीत असताना पूर्ण पात्याचं कंपन मोजत बसणं म्हणजे पायात काटा मोडलाय हे कळूनही आधी ताप बघणं. जाड नाणं किंवा २०-३० ग्रॅमची पितळी हातोडी घ्या. ओरखड्याभोवती सगळ्या बाजूंनी पंधरा सेंटिमीटरपर्यंत खडूने अडीच सेंटिमीटरच्या चौकटी आखा आणि प्रत्येक चौकटीत हलकेच टिचकी मारा. धड जागी टणक, तीक्ष्ण आवाज येतो. थर सुटलेल्या किंवा फोमपासून कातडी उचललेल्या जागी भद्द येतो. कारण साधं आहे: खालचा आधार गेला की वरची कातडी स्प्रिंगसारखी दबते, नाणं क्षणभर जास्त टेकून राहतं आणि तीक्ष्ण सूर मुळात उठतच नाहीत. १९८८ मध्ये याच जोडीने नाणं वाजवण्यामागचं गणित तपासलं, तेव्हाही फरक या टेकण्याच्या वेळेतच सापडला. भद्द चौकटींवर फुली मारा, त्यांची कड जोडा, नकाशा तयार.

यात लोक एक चूक हमखास करतात. ओरखड्याच्या खालीच वाजवतात आणि थांबतात. फायबरला मार बसला की इजा खोल जाताना पसरते. वरून नखाएवढी दिसणारी खूण आतल्या बाजूला बशीएवढी असू शकते. शिवाय पोकळ पात्यात वरची कातडी मार खाऊन परत उसळते, पण चेपलेला फोम उसळत नाही, आणि मध्ये पोकळी राहते. म्हणून पात्याची खालची बाजूही वाजवा. मागची पातळ कड, जिथे दोन अर्धे चिकटवलेले असतात, ती निदान अर्धा मीटर दोन्हीकडे वाजवा, कारण धक्क्याने चिकटवण उघडण्याची शक्यता तिथे सगळ्यात जास्त. आणि आवाजाची तुलना त्याच पात्यावरच्या शेजारच्या जागेशी नको, पाच नंबरच्या पात्यावरच्या त्याच जागेशी करा. आतली पट्टी, फोमची सीमा, जाडीचा बदल यांनी आवाज तसाही बदलतो.

नाण्याची मर्यादाही सांगून ठेवतो. ते वरच्या काही मिलिमीटरचं काम. मुळाशी जिथे थर जाड असतो, तिथे मधोमध सुटलेला थर नाण्याला कळत नाही. तिथे अल्ट्रासॉनिक लागतं आणि ते करणारे आपल्या एमआयडीसीत मिळतात, पण कास्टिंगसाठी ठेवलेला ४ मेगाहर्ट्झचा प्रोब काचेच्या जाड थरात फारसा पोचत नाही, लाटा विखुरतात. अर्धा ते एक मेगाहर्ट्झचा प्रोब आहे का, ते आधी विचारा. नसेल तर मुळासाठी कंपनच तुमचं मुख्य साधन, आणि सुदैवाने पहिलं कंपन मुळालाच सगळ्यात जास्त बघतं.

आता ०.२८ कुठून आले याकडे येऊ. माझा संशय या क्रमाने जाईल: क्लॅम्प, पाणी, शेजारची पाती, मोजमाप, आणि शेवटी पात्याचं मूळ. मूळ शेवटी अशासाठी की आधीचे चार तपासायला स्वस्त आहेत आणि ते न तपासता पातं बाद केलं तर चोर सोडून संन्याशाला फाशी होते.

पाण्यापासून सुरू करतो, कारण त्याला फक्त वजनकाटा लागतो. अशा पोकळ पात्याच्या टोकाजवळ बारीक निचरा-छिद्र असतं. ते क्षाराने किंवा रंगाने बुजलं की आत पाणी साठतं. पाती उतरवून उघड्यावर ठेवली असतील तर वळवाच्या एका सरीत मुळाच्या बाजूनेही जातं. एकसारख्या पट्टीचं टोकाशी परिणामकारक वस्तुमान एकूण वजनाच्या सुमारे पाव, म्हणजे तुमच्या पात्याचं साडेतीन किलो. त्यात टोकाला २०० मिली, पेलाभर पाणी आलं तर वस्तुमान ६ टक्के वाढलं, फ्रिक्वेन्सी ३ टक्के उतरली. ०.३५ हर्ट्झ! एक पेला पाणी तुमचा पूर्ण फरक समजावून वर उरतं. म्हणून सहाही पाती उतरवा, १० ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या टांगत्या काट्यावर वजन करा (उसाच्या काट्यावर नव्हे), मग छिद्रं तारेने मोकळी करा, टोक खाली करून अर्धा तास उभी ठेवा आणि परत वजन करा. नुसतं एकूण वजन पुरेसं नाही. मूळ टेकवून टोक काट्यावर ठेवा आणि टोकाचं वजनही घ्या, कारण पाणी टोकाकडे असतं आणि पुरवठादार सेट जुळवतो तोही याच मुळाभोवतीच्या भारावर (वजन गुणिले मुळापासूनचं अंतर). निचऱ्याआधी चार नंबरचं टोक बाकीच्यांपेक्षा १५०-२०० ग्रॅम जड निघालं तर उत्तर मिळालं.

उतरवताना दोन गोष्टी विसरू नका. प्रत्येक पात्यावर आणि हबच्या (पाती ज्यात बसतात त्या मधल्या भागाच्या) खोबणीवर एकच नंबर पक्क्या मार्करने टाका, आणि पात्याचा कोन उतरवण्याआधी अंशमापकाने लिहून घ्या. त्याआधी मोटरचा पुरवठा तोडून कुलूप लावा आणि पंखा दोराने बांधा. टॉवरचा शेजारचा सेल (कप्पा) चालू असेल तर त्याच्या ओढीने बंद पंखाही फिरायला लागतो.

क्लॅम्पबद्दल. पात्याच्या मुळाची पकड ढिली असेल तर फ्रिक्वेन्सी उतरते, आणि बाहेरून हे मुळातल्या इजेसारखंच दिसतं. यू-बोल्टचे नट हाताच्या अंदाजाने कसलेले असतील तर सहा पात्यांत ०.३ हर्ट्झचा फरक त्यातूनच येऊ शकतो. टॉर्क पाना आणा, पुरवठादाराने दिलेल्या टॉर्कवर, आलटूनपालटून दोन्ही बाजू, तीन टप्प्यांत कसा. मग एक प्रयोग करा जो मला या सगळ्यात सर्वांत महत्त्वाचा वाटतो. एखादं निःसंशय चांगलं पातं, समजा दोन नंबर, पूर्ण ढिलं करा, पुन्हा कसा, मोजा. असं पाच वेळा. पाच आकड्यांतला फरक हीच तुमच्या पद्धतीची मर्यादा. तो ०.२ आला तर ०.२८ वर वाद घालण्यात अर्थ नाही, तो ०.०३ आला तर ०.२८ गंभीर आहे. कुठलंही महागडं यंत्र आणलं तरी हा प्रयोग टळत नाही.

त्यानंतर अदलाबदल. चार नंबरचं पातं दोनच्या खोबणीत, दोनचं चारच्या खोबणीत, दोन्ही त्याच टॉर्कवर. कमी फ्रिक्वेन्सी पात्याबरोबर गेली तर दोष पात्यात. ती खोबणीतच राहिली तर हब किंवा क्लॅम्प. तिथे गंज, झिजलेलं बसणं, ताणलेला बोल्ट शोधा. मोजून झालं की पाती आपापल्या जागी परत, नाहीतर तोल बिघडेल.

शेजारची पाती हा कमी ओळखला जाणारा घोळ आहे. सहा जवळपास सारखी पाती एकाच हबवर असली की ती एकमेकांशी बोलतात. एकाला ठोकलं की कंपन हबमधून बाकीच्यांत जातं आणि परत येतं. ॲपवर एक शिखर न दिसता दोन-तीन चिकटलेली दिसतात, आणि ॲप त्यातलं सगळ्यात उंच उचलतं. ते चार नंबरचंच असेल असं नाही. उपाय सोपा: मोजायचं पातं सोडून बाकी पाचांच्या टोकाला दोन-तीन किलोच्या वाळूच्या पिशव्या बांधा. त्यांची फ्रिक्वेन्सी वीसेक टक्के खाली जाते आणि ती संभाषणातून बाहेर पडतात.

मोबाईलची बाब अशी. कव्हरसकट फोन २०० ग्रॅमच्या पुढे जातो, म्हणजे वरच्या पेलाभर पाण्याइतकाच. सहाही पात्यांवर अगदी त्याच जागी लावला तर सगळ्यांत सारखीच घट येते आणि तुलना टिकते. पण जागा दहा सेंटिमीटरने हलली तर सुमारे ०.०५ हर्ट्झचा फरक नुसता त्यानेच पडतो. मोजपट्टी धरून खूण करा. दुसरं, तुमचे सगळे आकडे एका दशांशात आहेत. दहा सेकंदांची नोंद असेल तर ॲपची पायरीच ०.१ हर्ट्झची. नोंद लांबवून उपयोग नाही, कारण तीन-चार सेकंदांत पातं शांत होतं आणि पुढे फक्त गोंगाट साठतो. त्यापेक्षा कच्ची नोंद फाइल म्हणून बाहेर काढा, स्प्रेडशीटमध्ये आलेख लावा आणि सलग २० आवर्तनांना लागलेला वेळ शून्य ओलांडण्याच्या बिंदूंवरून काढा. ११.८ हर्ट्झला तो १.६९५ सेकंद येतो. एवढं केलं की साध्या फोनवरही ०.०२ हर्ट्झपर्यंत जाता येतं. पिशव्या मात्र बांधलेल्या हव्यात. दोन पात्यांचे सूर मिसळले असतील तर ही मोजणी फसते.

तापमान विसरू नका. रेझिन तापलं की मऊ पडतं. सकाळच्या गारव्यात तीन पाती आणि जेवणानंतर उन्हात तापलेली तीन पाती, अशी तुलना करूच नये. सगळं सावलीत, शक्यतो सकाळी एका बैठकीत उरका. पहिलं पातं सुरुवातीला मोजा आणि शेवटी परत मोजा. दोन्हीत ०.०५ पेक्षा जास्त फरक आला तर मधलं सगळं पुन्हा करायचं.

पाती उतरवलेलीच आहेत तर हबचा प्रश्नच मिटवणारी पद्धत वापरा: टांगून मोजणं. दोन सायकलच्या ट्यूब घ्या, पात्याच्या दोन्ही टोकांपासून लांबीच्या साधारण २२ टक्के आत एकेक वेटोळं घाला, आणि पातं कडेवर उभं राहील असं टांगा. ट्यूब पाच-सहा सेंटिमीटर ताणल्या गेल्या की पातं दोन हर्ट्झच्या आसपास झुलतं. पात्याची स्वतःची कंपनं याच्या दहापट तरी वर असतात, म्हणून टांगणीचा त्रास होत नाही. रबर किंवा नायलॉनच्या डोक्याच्या हातोडीने आडवा ठोका मारा. क्लॅम्प नाही, टॉर्क नाही, शेजारी नाहीत. उरतं ते फक्त पातं. एकसारख्या पट्टीची टांगलेली पहिली फ्रिक्वेन्सी धरलेल्या पट्टीच्या ६.४ पट असते. निमुळत्या पात्यात हे प्रमाण बरंच कमी होतं, तेव्हा ४० ते ८० हर्ट्झच्या मध्ये कुठेतरी शोधा. टांगल्यावर सगळ्यात जास्त वाक मध्याच्या आसपास येतो, त्यामुळे हुकाची जागाही आता नजरेत येते.

इथे फोन पात्यावर लावायचा नाही. त्याचा ॲक्सेलरोमीटर (हालचाल टिपणारा सेन्सर) अनेकदा सेकंदाला १०० ते ४०० नोंदीच घेतो, वरची कंपनं चुकीच्या जागी दुमडून दिसतात. मायक्रोफोन वापरा: पात्यापासून दोन-तीन सेंटिमीटरवर धरा, आवाज साफ करणारी सोय बंद ठेवा, न दाबलेल्या फॉरमॅटमध्ये रेकॉर्ड करा आणि ऑडॅसिटी या ध्वनी-सॉफ्टवेअरमध्ये वर्णपट बघा. सगळ्यात खालचं शिखर फोनच्या मायक्रोफोनला अंधुक येईल. बझरमध्ये असते ती पिझो चकती मेणाने चिकटवून साउंड कार्डला जोडली तर ते स्वच्छ मिळतं, आणि तिचं वजन ग्रॅम-दोन ग्रॅम. हातोडी-ॲक्सेलरोमीटर-ॲनालायझर असा संच भाड्याने मिळाला तर उत्तमच. तेव्हा प्रत्येक बिंदूला पाच ठोके, दुहेरी ठोका पडला तर तो बाद, शिखरांच्या जागी कोहेरन्स (ठोका आणि कंपन यांचा मेळ) ०.९५ च्या वर. एक्स्पोनेन्शियल विंडो (नोंद शेवटाकडे दाबत नेणारी सोय) लावली असेल तर तिने घातलेलं खोटं डॅम्पिंग (कंपन विझण्याचं प्रमाण) वजा करायला विसरू नका.

सहाही पात्यांची पहिली तीन शिखरं लिहा आणि प्रत्येक पात्याचे आकडे त्याच्याच पहिल्या आकड्याने भागा. रेझिनच्या कमीजास्तपणाने तिन्ही साधारण एकाच प्रमाणात सरकतात, गुणोत्तर टिकतं. एका जागची इजा गुणोत्तर मोडते. जुनी नोंद हाताशी नसताना एवढा एकच आधार उरतो, आणि तो बऱ्यापैकी भक्कम आहे.

डॅम्पिंगवर मी शिक्का मारत नाही, पण बघतो जरूर. सुटलेले थर एकमेकांवर घासतात आणि कंपन लवकर मरतं. मोजायला सोपं: उंची निम्मी व्हायला किती आवर्तनं लागली ते मोजा आणि ०.११ ला त्याने भागा. ११ आवर्तनं लागली तर एक टक्का, २२ लागली तर अर्धा. टांगलेल्या धड पात्यात आकडा याच दरम्यान असावा. त्याहून खात्रीची खूण म्हणजे हलका आणि जोराचा ठोका. धड पात्याची फ्रिक्वेन्सी दोन्हीला सारखीच येते. सुटलेला थर हलक्या ठोक्याला मिटलेला राहतो आणि जोराच्या ठोक्याला उघडझाप करतो, म्हणून फ्रिक्वेन्सी जोराला थोडी उतरते. हबवर हे दिसलं तर क्लॅम्पचाही संशय असतो. टांगलेल्या पात्यात दिसलं तर पात्याचाच.

निर्णय कसा घ्यायचा? नाण्याने काही भद्द सापडलं नाही, टांगलेली तिन्ही गुणोत्तरं बाकी पाचांच्या पट्ट्यात आहेत, वजन जुळतंय: पातं लावा. टोकाकडे कातडीवर छोटा भद्द पट्टा सापडला: नकाशा पुरवठादाराला पाठवा आणि त्याची दुरुस्तीची मर्यादा लेखी मागवा, दुरुस्तीनंतर पातं पुन्हा वजन करून, भार जुळवूनच बसवायचं. मागची कड उघडी असेल किंवा पहिली फ्रिक्वेन्सी अदलाबदलीनंतरही पात्याबरोबरच कमी राहत असेल: ते पातं फिरवू नका. मुळातून तुटलेलं पातं टॉवरचं आवरण फोडून बाहेर जातं, आणि उरलेल्या पाचांचा तोल गेल्याने गिअरबॉक्सही जातो. पूर्ण सेट बदलायची गरज मात्र क्वचितच. मुळाभोवतीचा भार कळवला तर जुळणारं एकच पातं बनवून मिळू शकतं. सेटचं दरपत्रक मागण्याआधी तसं विचारून बघा.

जाता जाता, पंख्याला व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) असेल तर एक गोष्ट वेगळी तपासा. उभ्या पात्याची ११.८ ही फ्रिक्वेन्सी फिरताना अर्ध्या हर्ट्झच्या आसपास वाढते, कारण पातं बाहेर ओढलं जाऊन ताठ होतं. २०० फेऱ्यांना वेगाची तिप्पट १० हर्ट्झ आणि चौपट १३.३, दोन्हींपासून तुम्ही लांब आहात. पण १८५ फेऱ्यांना चौपट बरोबर १२.३ च्या घरात येते. तो वेग ड्राइव्हमध्ये वगळून ठेवा.

पाती परत चढवल्यावर आठ तास चालवून पंखा थांबवा, कुलूप लावून सगळे यू-बोल्ट पुन्हा टॉर्कवर तपासा. नवीन बसलेली पकड पहिल्या दिवशी थोडी सैलावते. प्रत्येक पात्याचं वजन, टोकाचं वजन, टॉर्क, सावलीतलं तापमान आणि टांगून घेतलेल्या तीन फ्रिक्वेन्सी एका कागदावर लिहून तो गिअरबॉक्सच्या फाइलला लावा. पुढच्या एप्रिलमध्ये पाती उतरवाल तेव्हा तुलना शेजारच्या पात्याशी करावी लागणार नाही.